रुग्णालयातील संगणकीय बदल : शिस्त, सावधगिरी आणि जबाबदारी

धर्मादाय रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, वर्षभरातील शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि देणगीदारांची नामावली यांना मानाचे स्थान असते, आणि ते योग्यच आहे. डायलिसिसचे यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर देणगीदाराच्या मातोश्रींचे नाव कोरता येते. संगणकप्रणालीत एखाद्या रात्री केलेला बदल मात्र कोणालाच दिसत नाही. तो नीट पार पडला तर त्याची चर्चा होत नाही. तो फसला तर त्याची झळ सर्वप्रथम नोंदणी खिडकीसमोर रांगेत उभ्या असलेल्या रुग्णाला बसते. म्हणूनच या न दिसणाऱ्या कामाची ओळख विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांनाही करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

आज नोंदणी, केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण चित्रे, औषध भांडार, बिले, शासकीय योजनांचे दावे ही सारी कामे संगणकावर चालतात. ही प्रणाली एकदा बसवली की काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्रणाली बसवणे हा आरंभ असतो. त्यानंतर वर्षानुवर्षे तिच्यात बदल होत राहतात, आणि रुग्णसेवेतील धोका बसवण्यापेक्षा या बदलण्यात अधिक दडलेला असतो.

एका जिल्ह्याच्या नावाची गोष्ट

संगणकातील बदल कागदावरील बदलाहून वेगळा कसा, हे समजण्यासाठी खान्देशातीलच एक उदाहरण पुरेसे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके नव्या जिल्ह्यात गेले. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडे हे चार तालुके जुन्या जिल्ह्यात राहिले.

शाईने लिहिलेल्या नोंदवहीला या घटनेचा काहीच त्रास झाला नाही. जून महिन्यापर्यंत कारकून ‘मु. शहादा, जि. धुळे’ असे लिहीत होता; जुलैपासून त्याने ‘जि. नंदुरबार’ असे लिहिण्यास आरंभ केला. जुनी पाने जशीच्या तशी राहिली. संगणकात मात्र तालुका आणि जिल्हा यांची सांगड बहुधा एकाच तक्त्यात घातलेली असते. त्या तक्त्यातील एक शब्द बदलला, की १९९५ साली दाखल झालेल्या रुग्णाचा पत्ताही क्षणार्धात नंदुरबारचा होतो. मग त्या जुन्या वर्षाचा जिल्हावार गोषवारा पुन्हा काढला, तर तो त्याच वर्षी छापलेल्या अहवालाशी जुळत नाही. उलट तो शब्द बदललाच नाही, तर नव्या रुग्णाचे कागद चुकीच्या जिल्ह्याच्या नावे तयार होतात.

या साध्या उदाहरणात तीन धडे आहेत. पहिला असा की, प्रत्येक बदलाला अंमलाची तारीख असते. त्या तारखेआधीचे सत्य पुसले जाता कामा नये. दुसरा असा की, एका जागी केलेला बदल इतर ठिकाणी कोणकोण वाचत आहे, हे आधी शोधावे लागते. तिसरा असा की, चूक लगेच दिसेलच असे नाही. ती कित्येक महिन्यांनी, हिशेब मांडताना उघडकीस येते. हे तिन्ही धडे ध्यानात ठेवून बदल घडवून आणण्याच्या पद्धतीस ‘बदल व्यवस्थापन’ असे म्हणतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश शासनाच्या एका संगणक संस्थेने आपल्या खात्यांसाठी ‘आयटिल’ या नावाने जी कार्यपद्धती तयार केली, तिच्यातून हा विचार जगभर रूढ झाला. बँका आणि दूरध्वनी कंपन्यांनी तो केव्हाच स्वीकारला. रुग्णालयांना त्याची गरज त्याहूनही अधिक आहे, कारण येथे चुकीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही.

बदल कोठून येतात?

बदल करणे न करणे आपल्या हातात आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः बहुतेक बदल बाहेरून येतात, आणि तेही तारीख ठरवूनच.

शासकीय आरोग्य योजनेचा प्रवास पाहावा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली. त्या आठांत धुळे होता, जळगाव नव्हता. जळगावसह उर्वरित महाराष्ट्रात ती २१ नोव्हेंबर २०१३ पासून लागू झाली. म्हणजे जवळजवळ सतरा महिने एकाच खान्देशात, तापीच्या एकाच खोऱ्यात, अमळनेरच्या कुटुंबाला एक नियम होता आणि शेजारच्या शिंदखेड्याच्या कुटुंबाला दुसरा. १ एप्रिल २०१७ पासून योजनेचे नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना एकत्रितपणे राबवल्या जाऊ लागल्या. १ जुलै २०२४ पासून प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण दीड लाखांवरून पाच लाख रुपयांवर गेले, शिधापत्रिकेच्या रंगाची अट सैल होऊन राज्यातील सर्व कुटुंबे पात्र ठरली आणि उपचारांची संख्या १३५६ झाली.

नागरिकांच्या दृष्टीने यातील प्रत्येक पाऊल स्वागतार्ह आहे. रुग्णालयाच्या संगणकाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वेळी उपचारांचे संकेतांक, दर, पात्रतेचे निकष, लागणारी कागदपत्रे आणि छापील नमुने हे सारे बदलले. त्यातही रुग्ण ३० जूनला दाखल होऊन ४ जुलैला घरी गेला, तर त्याला कोणता दर लावावयाचा, हे नियमात पाहून प्रणालीत अचूक उतरवावे लागते. खान्देशात आणखी एक पेच आहे. बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानी या मध्य प्रदेशातील जिल्ह्यांतून रुग्ण जळगाव, चोपडा, शिरपूर येथे उपचारासाठी येतात. आयुष्मान कार्ड देशभर चालते, राज्याची योजना राज्यातील रहिवाशांसाठी आहे. नोंदणी खिडकीवरील संगणकाने हा भेद ओळखला नाही, तर पात्र रुग्णाला नकार मिळतो, किंवा अपात्र दावा पाठवला जाऊन नंतर रुग्णालयाचे पैसे अडकतात.

कर आकारणीचेही असेच आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबर, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून तो लागू झाला. ज्या औषधांवर १२ टक्के कर होता त्यांपैकी बहुतेकांवर तो ५ टक्के झाला, तर ३३ जीवरक्षक औषधांवरील कर पूर्णपणे उठवण्यात आला. रुग्णालयाच्या औषध दुकानांना तयारीसाठी एकोणीस दिवस मिळाले. फडताळात आधीचा माल होता, त्याच्या वेष्टनावर जुनी किंमत छापलेली होती, आणि बिल मात्र नव्या दराने करावयाचे होते. दाखल रुग्णाला उपचाराचा भाग म्हणून दिलेले औषध आणि बाह्यरुग्णाला दुकानातून विकलेले औषध यांचा करविचार वेगळा, तो वेगळाच राहणेही आवश्यक होते. त्या रात्री केलेल्या बदलात एक शून्य जरी चुकले असते, तरी सकाळी नातेवाइकाच्या हातात चुकीचे बिल पडले असते आणि त्याच्या मनात रुग्णालयाविषयी शंका निर्माण झाली असती.

याखेरीज यंत्रांचे पुरवठादार त्यांची आज्ञावली सुधारतात, सुरक्षेची दुरुस्ती येते, जुना सर्व्हर थकतो, डॉक्टरांना नवा नमुना हवा असतो. म्हणजे मोठ्या समारंभाने एकदाच येणारा बदल विरळा. लहान लहान बदलांची रांग अखंड चालू असते.

साखळी कोठे तुटते?

या बदलांची गुंतागुंत त्यांच्या आकारात नसते, ती परस्परसंबंधांत असते. एक उदाहरण घेऊ. समजा, प्रयोगशाळेत नवे तपासणी यंत्र आले. आपल्याकडे रक्तातील साखर डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. जगातील अनेक देशांत ती लिटरमागे मिलिमोलमध्ये मोजतात. १८० मिलिग्रॅम म्हणजे तेथील १०. यंत्र बसवणाऱ्याने एकक बदलले आणि प्रणालीतील तक्त्यात जुनेच एकक राहिले, तर अतिदक्षता विभागातील पडद्यावर ‘१०’ असा आकडा जुन्या एककासह उमटेल. अनुभवी परिचारिका तो पाहताच थबकेल, रक्त पुन्हा तपासावयास सांगेल. परंतु मध्यरात्री एकटी असलेली नवशिकी परिचारिका साखर प्राणघातकरीत्या उतरली आहे असे समजून धावपळ करेल आणि रुग्णाला नको ते औषध दिले जाईल. यंत्र बरोबर, प्रणालीही आपल्या जागी बरोबर; चूक त्या दोहोंच्या सांध्यात आहे. आणि सांधा कोणाच्याच ताब्यात नसतो. यंत्राचा अभियंता म्हणतो, ‘माझे काम झाले’. प्रणालीचा पुरवठादार म्हणतो, ‘मला कोणी सांगितले नाही.’

नावांचेही तसेच. सातपुड्यातून आलेल्या, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजीने सांगितलेले नाव एकदा एका पद्धतीने व पुढच्या खेपेस दुसऱ्या पद्धतीने लिहिले जाते. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात. त्या एकत्र जोडण्याची सोय करणे चांगलेच. परंतु नाव व गाव सारखे दिसले म्हणून संगणकाने दोन भिन्न माणसांच्या नोंदी जोडल्या, तर एकीचा औषधाचा वावडेपणा दुसरीच्या कागदावर जातो. चांगल्या हेतूने केलेला बदलही तपासल्याविना घातक ठरू शकतो, तो असा.

इतरांनी मोजलेली किंमत

शहाणपण स्वतःच्या ठेचेतून येते. दुसऱ्याच्या ठेचेतून आले तर अधिक बरे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण शहरासाठी एकाच दिवशी नवी संगणकीय प्रणाली सुरू केली. रुग्णवाहिका कोठे आहेत याचा ताळमेळ सुटला, दूरध्वनींचा ढीग साचला आणि दुसऱ्याच दिवशी अर्धे काम पुन्हा हाताने करावे लागले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली पूर्ण थांबली. चौकशीत आढळले की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी एका लहानशा दुरुस्तीच्या वेळी आज्ञावलीचा एक तुकडा चुकून तसाच राहून गेला होता. तो प्रत्येक वेळी संगणकाची थोडी स्मृती अडवून ठेवत होता आणि अखेरीस ती संपली. पर्यायी सर्व्हर होता, पण त्यावर आपोआप काम वळेल याची खातरजमा झालेली नव्हती. मोठा बदल एका झटक्यात केला, लहान बदल न तपासता केला, आणि परतीची वाट चालून पाहिली नाही. या तिन्ही चुका तेथे एकत्र आल्या.

१९ जुलै २०२४ रोजी सकाळी, आपल्या वेळेनुसार पावणेदहाच्या सुमारास, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा आज्ञावलीची सदोष सुधारणा जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी पोहोचली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. परंतु तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते, आणि त्यांतील बहुतेकांची दुरुस्ती प्रत्येक यंत्राजवळ जाऊन करावी लागली. अनेक देशांतील रुग्णालयांचे कामकाज खोळंबले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. बदल मागे घेणे आणि बदलाचे परिणाम मागे घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सर्वांना उमगले.

आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे तेथील कामे कागदावर चालवावी लागली. त्याच वर्षी जुलै महिन्यात राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत अनेक वर्षे वापरात असलेली माहिती प्रणाली पुरवठादाराशी असलेल्या व्यवहाराच्या वादातून बंद पडली आणि तेथील कर्मचाऱ्यांना पुन्हा केसपेपर हाताने लिहावे लागले. पहिल्या प्रसंगी कारण तांत्रिक होते, दुसऱ्या प्रसंगी कराराचे. रांगेतील रुग्णाला मात्र दोन्ही सारखेच.

शस्त्रक्रियागृहाकडून घेण्याजोगा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ते रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासणी सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णास शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, असे तीन थांबे तीत आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत तिचा वापर करून पाहिला असता मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. सूचीत नवे असे काहीच नव्हते. प्रत्येक शल्यविशारदाला ते मुद्दे ठाऊक होते. फरक पडला तो ठरलेल्या क्षणी थांबून, मोठ्याने विचारण्याने.

संगणकीय बदलालाही असेच तीन थांबे द्यावेत. बदल करण्यापूर्वी विचारावे : हा बदल कोणी मागितला, कशासाठी, आणि कोणकोणत्या विभागांना तो स्पर्श करतो? बदल चालू करण्याच्या क्षणी विचारावे : चाचणीच्या संगणकावर तो त्या त्या विभागातील माणसाने स्वतः पाहिला आहे काय, आजच्या नोंदींची प्रत घेतली आहे काय, आणि ती प्रत उघडते याची खात्री केली आहे काय? बदल झाल्यावर विचारावे : नोंदणीपासून बिलापर्यंत एक नमुना रुग्ण चालवून पाहिला काय, आणि सकाळच्या पाळीला याची लेखी सूचना मिळाली काय?

यांतील एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे : परतीची वेळ. रात्री अकरा वाजता सुरू केलेला बदल पहाटे चारपर्यंत समाधानकारक झाला नाही, तर जुन्या स्थितीवर परत यावयाचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. एकदा बाह्यरुग्ण विभाग उघडला आणि नव्या पद्धतीने दोनशे बिले निघाली, की परत फिरणे अवघड होते. त्या दोनशे नोंदी पुन्हा कराव्या लागतात. ‘आणखी अर्ध्या तासात होईल’ या आशेवर कित्येक रात्री सकाळ झालेली आहे. घड्याळ पाहून निर्णय घेणारा माणूस बदल करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, तो याचसाठी.

कार्यपद्धतीच अवजड झाली तर?

येथे एका उलट धोक्याचाही विचार केला पाहिजे. सावधगिरीच्या नावाखाली प्रत्येक गोष्टीला पाच सह्या आणि दहा पानी अर्ज लावला, तर माणसे ती पद्धत टाळण्याची वाट शोधतात. पुरवठादाराचा तंत्रज्ञ पुण्याहून किंवा नाशिकहून दूरस्थ जोडणीने थेट प्रणालीत शिरतो, ‘एवढेसेच काम होते’ म्हणून बदल करतो आणि कोणाला काही कळत नाही. नियम कागदावर राहतो, बदल अंधारात होतो. मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेली कार्यपद्धती जशीच्या तशी दोनशे खाटांच्या रुग्णालयात आणली, तर नेमके हेच घडते. म्हणून गुंतागुंत आवरण्याची पहिली पायरी म्हणजे सर्व बदलांना एकाच मापाने न मोजणे.

बदलांचे तीन वर्ग पाडले तर बरेच ओझे हलके होते. पहिला वर्ग नित्याच्या बदलांचा : नव्या डॉक्टरांचे नाव घालणे, छपाईयंत्र बदलणे, विसरलेला पासवर्ड नवा देणे. यांची रीत एकदाच लिहून मंजूर करावी. नंतर प्रत्येक वेळी परवानगी नको, केवळ नोंद पुरे. दुसरा वर्ग नियोजित बदलांचा : दर, कर, योजनांचे संकेतांक, प्रयोगशाळेची एकके, औषधांची यादी. येथे तिन्ही थांबे सक्तीचे. तिसरा वर्ग तातडीच्या बदलांचा : प्रणाली बंद पडली आहे किंवा सुरक्षेची भेग उघडी आहे. येथे आधी दुरुस्ती, मात्र एका जबाबदार व्यक्तीच्या तोंडी संमतीने, आणि चोवीस तासांत लेखी नोंद व आढावा. तातडीच्या वर्गात महिन्याला बरेच बदल जमू लागले, तर नियोजन कोठेतरी ढासळले आहे असे समजावे.

दुसरी पायरी म्हणजे एकच नोंदवही. संगणकावर असो वा जाड पुठ्ठ्याची, तीत तारीख, बदल, कारण, करणारा, तपासणारा आणि परतीची रीत एवढे सहा रकाने पुरतात. सकाळी काही बिघडले की पहिला प्रश्न असतो, ‘काल काय बदलले?’ त्याचे उत्तर नोंदवहीत असेल तर तासांचे काम मिनिटांत होते. पुरवठादारासही हाच नियम : नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय दूरस्थ जोडणी उघडली जाणार नाही.

तिसरी पायरी म्हणजे योग्य माणसे. वैद्यकीय अधीक्षक, मेट्रन, प्रयोगशाळेचे प्रमुख, औषध भांडाराचे प्रमुख आणि लेखापाल यांनी संगणक विभागासह आठवड्यातून एकदा वीस मिनिटे बसावे. येणाऱ्या आठवड्यातील बदल वाचून दाखवले, की ‘अहो, त्या दिवशी आठवडे बाजार आहे, खेड्यांवरून गर्दी येते’ हे वाक्य मेट्रनच्या तोंडून निघते. हे ज्ञान कोणत्याही संगणकात नसते.

चौथी पायरी कागदाची. प्रत्येक वॉर्डात क्रमांक घातलेले कोरे नमुने, जागेवर असलेली दरसूची आणि कार्बनचे कागद ठेवावेत, आणि वर्षातून दोनदा संगणक बंद ठेवून तासभर काम करून पाहावे. जुन्या पिढीतील कर्मचाऱ्यांना कागदावर रुग्णालय चालवता येते. नव्या पिढीने ते कधी पाहिलेले नाही. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही. प्रणाली पुन्हा सुरू झाल्यावर कागदावरील नोंदी कोणी भरावयाच्या व कोणी पडताळावयाच्या, हेही ठरलेले असावे. एरवी त्या काही तासांत दिलेले इंजेक्शन नोंदीविना राहते आणि पुन्हा दिले जाण्याचा संभव असतो.

धर्मादाय रुग्णालयाची विशेष जबाबदारी

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ सालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही विभागणी आज संगणक करतो. दरपत्रकातील एखादा बदल करताना सवलतीचा दुवा तुटला, तर निर्धन रुग्णाच्या हातात पूर्ण बिल जाते. सधन रुग्ण अशा वेळी वाद घालतो, व्यवस्थापकांना भेटतो, चूक दुरुस्त करवून घेतो. ज्याच्यासाठी ही सवलत आहे, तो मात्र बहुधा काहीच बोलत नाही. तो बायकोची पोत गहाण टाकतो, सावकाराकडे जातो, किंवा रुग्णाला घेऊन घरी निघून जातो. त्याची तक्रार कोणत्याही नोंदवहीत येत नाही. म्हणून प्रत्येक नियोजित बदलानंतर चालवावयाच्या नमुना रुग्णांत एक निर्धन रुग्ण असलाच पाहिजे, हा नियम धर्मादाय रुग्णालयाने सर्वांत आधी लिहावा.

रुग्णाच्या खासगी माहितीचीही जबाबदारी आता कायद्याने वाढली आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. प्रणाली बदलताना जुन्या संगणकातील नोंदी कोठे गेल्या, चाचणीसाठी खऱ्या रुग्णांची नावे वापरली काय, पुरवठादाराकडे प्रत राहिली काय, हे प्रश्न आता केवळ सौजन्याचे राहिलेले नाहीत. तसेच पुरवठादाराशी करार संपला तर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील, हे कलम करारात पहिल्याच दिवशी असावे.

आपण काय विचारावे?

या सर्व व्यवस्थेला फार मोठा निधी लागत नाही. चाचणीसाठी एक वेगळा संगणक, नोंदींच्या प्रतींसाठी दुसऱ्या इमारतीत जागा, आणि मुख्यतः माणसांचा वेळ लागतो. तरीही काटकसरीच्या चर्चेत हाच खर्च प्रथम कापला जातो, कारण तो दिसत नाही. विश्वस्त मंडळाच्या सभेत नवे काय घेतले हे नेहमी विचारले जाते. त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारले जावेत, अशी नम्र विनंती आहे : गेल्या तिमाहीत किती बदल केले व त्यांपैकी किती मागे घ्यावे लागले? नोंदींची प्रत शेवटी केव्हा उघडून पाहिली? संगणक बंद ठेवून काम करण्याचा सराव केव्हा झाला? मागे घेतलेल्या बदलांचा आकडा शून्य नसेल तर कर्मचाऱ्यांना दोष देऊ नये. वेळीच मागे फिरणे हे दक्षतेचे लक्षण आहे. दोष देण्याची प्रथा पडली, की आकडा खरोखरच शून्य होतो आणि चुका झाकल्या जातात.

देणगीदारांना विनंती अशी की, यंत्रासाठी दिलेल्या देणगीचा काही अंश त्या यंत्राच्या जोडणीसाठी, चाचणीसाठी आणि कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरण्याची मुभा द्यावी. नातेवाइकांना विनंती अशी की, बिलातील, औषधाच्या नावातील किंवा तपासणीच्या आकड्यातील कोणतीही गोष्ट मागच्या खेपेपेक्षा निराळी वाटली, तर संकोच न करता खिडकीवर विचारावे. आपला प्रश्न ही आमच्यासाठी तक्रार नसून तपासणीच असते. अनेकदा बदलातील चूक तज्ज्ञांच्या आधी रुग्णाच्या मुलालाच दिसते, कारण त्याने मागचे कागद पिशवीत जपून ठेवलेले असतात.

संगणक विभागातील जे कर्मचारी सणावाराच्या रात्री रुग्णालयात थांबून हे काम करतात, त्यांचे नाव कोणत्याही कोनशिलेवर येत नाही. सकाळी आठ वाजता खिडकी उघडते, पहिल्या रुग्णाचा केसपेपर निघतो, आणि रात्री काही बदलले होते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्यांच्या कामाची पावती तीच.